उत्तरेकडच्या इमारतीची घरपट्टी

१२ फेब्रुवारी

छोट्या,

पत्र बघून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. तीन वर्षांनी लिहितेय आणि कामासाठीच लिहितेय.

फोन केला नाही, कारण तुझ्या फोनवर तुझ्याशिवाय आणखी कोण कोण असतं ते मला माहीत नाही. पत्रही वाटेत कुणी उघडत असेल तर त्यांना माझा नमस्कार. अक्षर डॉक्टरचं आहे, सांभाळून घ्यावं.

मी नगराध्यक्ष झाले हे तुला कळलं असेलच. सकाळी दवाखाना, दुपारनंतर नगरपालिका. तीस वर्षं लोकांना 'तोंड उघडा' म्हणत आले, आता ते न सांगताच उघडतात. बहुतेक घरपट्टीबद्दलच बोलतात. यंदा आम्ही ती वाढवली. वाढवावीच लागली. स्टेशनपासून अणुऊर्जा प्रकल्पापर्यंतचा रस्ता त्यांच्या अवजड गाड्यांनी पार उखडलाय, आणि इस्पितळासमोर तर खालचा पाण्याचा मोठा पाइपही फुटला. प्रकल्प आम्हाला काही देत नाही. सगळं आवार पहिल्यापासून करमाफीत आहे, का ते कुणी कधी विचारलं नाही. लोकांनी माझ्या खिडकीखाली येऊन घोषणा दिल्या, 'गाड्या त्यांच्या, खड्डे आमचे, पट्टीही आमचीच!' त्यात चूक काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात कचेरीत सगळ्यांनी मिळून तुझं भाषण टीव्हीवर बघितलं. केस बरेच पांढरे झालेत तुझे. अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याचा तो करार, परदेशी तपासनीस, शेजारच्या देशाशी तू सरकारच्या वतीने चालवलेली बोलणी, हे सगळं तू चांगलं समजावून सांगितलंस. मग म्हणालास, "आमच्या प्रकल्पातली प्रत्येक इमारत नागरी वापराची आहे. उत्तरेकडची मोठी इमारत हे सुट्या भागांचं गोदाम आहे."

आमचा करनिरीक्षक तोंडातला घास गिळून म्हणाला, "मॅडम, गोदामाला घरपट्टी लागते."

कुणी हसलं नाही. मीच तेवढी हसले. मग आम्ही कायदा काढून बघितला. लागतेच.

काल प्रकल्पाला नोटीस गेली. तुझं वाक्य त्यात जसंच्या तसं घातलंय, तुझ्या नावासकट आणि हुद्द्यासकट. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात आपलं जे झालं, ते घर विकण्यावरून झालं असं मी सगळ्यांना सांगते. यापुढेही तेच सांगेन.

ताई


९ मार्च

छोट्या,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

सरकारचं मात्र आलं. पानभर कागदावर एकच ओळ: 'सदर आकारणी लागू नाही.' कारण दिलेलं नाही. कारण नसेल तर सुनावणी घ्यावी लागते. ती बावीस तारखेला आहे, मोठ्या सभागृहात, सगळ्यांसाठी खुली. राजधानीहून एक उपसचिव येणार आहेत. सुरक्षेच्या कारणास्तव लोकांनी फोन बाहेर ठेवावेत, असं त्यांनी आधीच कळवलंय. आम्ही टोपल्या ठेवतोय.

करनिरीक्षक एका पायावर तयार आहे. त्याचं नुकतंच लग्न झालंय, त्यामुळे त्याला सध्या सगळंच शक्य वाटतं.

मला विचारशील तर, ते निमूट पैसे भरतील आणि विषय मिटेल असं वाटतंय. तुझं म्हणणं खरं असेल तर भरायला काय हरकत आहे?

ताई


२३ मार्च

छोट्या,

काल काय झालं ते तुला आतापर्यंत निदान चार जणांनी सांगितलं असेल. तरी माझ्याकडून घे.

सभागृह भरलं होतं. उपसचिव चाळिशीचा, नीटनेटका माणूस. आल्याआल्या त्याने थंड पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. ते बघून मी मनात म्हटलं, डावी खालची दाढ.

मी विचारलं, "हरकतीचं कारण सांगा."

"आकारणी लागू नाही."

"ते तुमचं म्हणणं झालं. मी कारण विचारतेय."

"सार्वजनिक हित."

मी त्याला कायद्याचं पान वाचून दाखवलं. माफी चारच गोष्टींना आहे: प्रार्थनास्थळ, शाळा, दफनभूमी आणि संरक्षण खात्याची इमारत. "यातली ही कोणती?"

मागून कुणीतरी ओरडलं, "शाळा!" दुसरा म्हणाला, "अहो, दफनभूमी!" सगळे हसले. माणूस बिचारा एका हाताने गाल धरून उभा. मी लोकांना गप्प केलं आणि परत विचारलं. आढेवेढे घ्यायचं त्याच्यात त्राण उरलं नव्हतं बहुतेक.

"संरक्षण," तो म्हणाला. "इमारत संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे."

"कधीपासून?"

"बांधली तेव्हापासून."

हशा जागच्या जागी विरला. त्या सभागृहातल्या प्रत्येकाने तुझं भाषण बघितलं होतं, छोट्या. आपल्या गावचा माणूस टीव्हीवर दिसतो तेव्हा सगळे बघतात. टिपणं घेणाऱ्या बाईंनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा."

सुनावणी संपल्यावर मी त्याला दवाखान्यात नेलं. तशा गालाने तो रात्रीचा प्रवास करू शकला नसता. सूज होती, खाली पू झाला होता. भुलीचं इंजेक्शन दिलं आणि ते चढायची वाट बघत बसले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो नुसतं ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत गेला, आणि ते भुलीमुळे नव्हतं.

"म्याडम," तो अर्ध्या ओठाने म्हणाला, "ते वाक्य…"

"आत्ता बोलू नका. ओठ चावला जाईल."

दाढ साफ करून झाली तरी तो खुर्चीतून उठेना. त्याला वित्त खात्याने पाठवलं होतं. एका गावाला घरपट्टी दिली की उद्या देशभरातून नोटिसा येतील, काहीही करून पैसे द्यायचे नाहीत, एवढंच त्याला सांगितलेलं. तुझ्या खात्याने जगाला काय सांगितलंय ते त्याला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. माझा विश्वास बसला. खोटं बोलणारा माणूस इतक्या वाईट तयारीने येत नाही.

इतिवृत्त पुढच्या बैठकीत वाचलं जातं, मग मी सही करते. तोवर एखादं वाक्य कामकाजातून वगळायचा अधिकार अध्यक्षाला असतो. ते त्याला पाठ होतं. त्याने तीनदा सांगितलं. फोन बाहेर होते, म्हणजे दुसरा पुरावा नाही. सही झाली नाही तर उरतात नुसत्या गावगप्पा.

मी विचार करते म्हटलं. फी घेतली. त्याने पावती मागून घेतली, सरकारी खर्चात घालायला.

ताई


२७ मार्च

छोट्या,

परवा फोनवर मला नीट बोलता आलं नाही. तू एकदम "ताई" म्हणालास. तीन वर्षांत ती हाक ऐकली नव्हती, त्यामुळे पहिली दोन वाक्यं माझ्या डोक्यात शिरलीच नाहीत. ती बहुधा तब्येतीबद्दलची होती. तब्येत बरी आहे.

मला आठवतं तसं लिहून ठेवतेय, म्हणजे नंतर तुझं-माझं वेगळं व्हायला नको.

तू म्हणालास, "ते वाक्य काढून टाक."

मी म्हटलं, "का?"

"बोलणी मोडतील. आम्ही खोटे ठरलो की शेजारचे त्याच दिवशी उठून जातील. मग तपासनीस ना त्यांच्याकडे जाणार, ना आमच्याकडे येणार. आत्ता निदान बाकीच्या इमारती उघडतोय."

"आणि ती?"

"ती हळूहळू. दोन वर्षं दे मला."

"तिच्यात आहे काय?"

"ते सांगता येत नाही."

"मग मलाही ते काढता येत नाही."

तेव्हा तू आवाज चढवलास. "अगं, रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी तू हे करतेयस!"

मी हो म्हटलं. खड्ड्यांसाठीच करतेय. माझ्या अखत्यारीत खड्डेच येतात. शांतता तुझ्याकडे आहे.

तुझं म्हणणं मी उडवून लावलेलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात आहे. काल एका बाईंची उजवीकडची दाढ दुखत होती आणि मी डावीकडे आरसा घालून बसले होते. एक इमारत लपवून नऊ उघडता येत असतील, तर तो व्यवहार वाईट नाही. तू तिथे बसून तेच करतोयस, आणि मनापासून करतोयस, हेही मला दिसतंय. पण तो व्यवहार ज्यांच्या भिंतीला भिंत लावून चाललाय, त्यांना कुणी विचारलं नाही. आणि ज्यांना तू शब्द दिलास, त्यांनाही तो नक्की कशाचा आहे ते माहीत नाही. मग हे सगळं ज्या शब्दावर उभं आहे, तो खरा आहे का ते बघायचं कुणी?

शेवटी तू विचारलंस, त्या संध्याकाळचा मी सूड घेतेय का. त्याबद्दल मी फोनवर बोलणार नाही. पत्रातही नाही.

बैठक दोन तारखेला आहे.

ताई


२ एप्रिल

छोट्या,

इतिवृत्त वाचून झालं. प्रकल्पातला फोरमन आमचा नगरसेवक आहे. तो उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या पोटावर पाय येईल." मी म्हटलं, येईल कदाचित. तो खाली बसला.

एकही वाक्य न वगळता सही केली. प्रत संध्याकाळी बाहेरच्या फलकावर लावली, नियमाप्रमाणे.

ताई


१८ मे

छोट्या,

दुसऱ्या खेपेला दाढेत कायमचं भरायला उपसचिव आला होता. राजधानीत दंतवैद्य नाहीत का, असं मी विचारलं, तर म्हणाला, तुमचा हात हलका आहे. त्यानेच सांगितलं की तुझ्यासाठी निवेदन तयार झालंय. स्थानिक पातळीवर गैरसमज झाला, उपसचिवाच्या बोलण्याचा विपर्यास झाला, संबंधित महिला व्यवसायाने दंतवैद्य असून त्यांना तांत्रिक बाबींचं ज्ञान नाही. त्याने ते मला जवळजवळ पाठच म्हणून दाखवलं. तो शरमला होता की नुसता आ करून दमला होता, ते कळायला मार्ग नव्हता.

त्यामुळे काल टीव्हीसमोर बसले ती तेच ऐकायच्या तयारीने. कचेरीत नाही, घरी, एकटी. तू मला खोटं पाडशील, मला राग येणार नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं. ठरवलेलं किती टिकलं असतं, देव जाणे.

तुझ्या हातात कागद होता. परदेशी तपासनिसांच्या प्रमुखाने आमचं इतिवृत्त वर धरून विचारलं, हे खरं आहे का. तू कागद टेबलावर पालथा घातलास.

"इतिवृत्त खरं आहे," तू म्हणालास. "त्यावर सही करणारी बाई माझी बहीण आहे. ती न ऐकलेलं लिहीत नाही. चुकीची माहिती मी दिली होती."

मग आमच्याकडे प्रक्षेपण मध्येच तोडून हवामानाचा अंदाज लावला. पूर्वेला वारे, म्हणे.

आता लिहायला हरकत नाही, म्हणून लिहितेय. वाटेत वाचणाऱ्यांनीही वाचावं.

त्या संध्याकाळी तू न कळवता आलास. चहा केला, तो तू नुसता ढवळत बसलास. मग म्हणालास, "ताई, घर विक आणि निघ इथून." मी विचारलं, का. "विचारू नकोस." मी म्हटलं, शेजारच्यांनाही सांगणार आहेस? पलीकडच्या गल्लीत शाळा आहे, त्यांना? तू म्हणालास, "मी फक्त तुला सांगतोय." मी म्हटलं, मग मला सांगितलंच नाहीस असं समज. तू चहा तसाच टाकून गेलास. पुढच्या वर्षी मी निवडणुकीला उभी राहिले. लोकांना वाटलं, म्हातारपणी हौस आली.

हे मी सुनावणीत बोलले असते तर सगळं एका दिवसात झालं असतं. बोलले नाही. ते तू भाऊ म्हणून बोलला होतास. भाषण तू सरकार म्हणून केलंस, म्हणून ते वापरलं. हा फरक तुला पटेल की नाही माहीत नाही. मला तो धरूनच झोप लागते.

तुला बोलण्यांवरून परत बोलावून घेतल्याचं आज वाचलं. पोचलास की कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

ताई


३० ऑगस्ट

छोट्या,

तू काहीच कळवत नाहीस, म्हणून मीच कळवते.

तपासनीस जूनच्या शेवटी आले. गावातलं एकुलतं एक हॉटेल भरलं, उरलेल्यांना लोकांनी घरात खोल्या दिल्या. इमारत उघडली. आत यंत्रं होती. कसली ते त्यांनी जाहीर केलंय, तुला माझ्याहून जास्त समजतं. उत्तरेच्या भिंतीशी पिंपं होती, त्यातली काही झिरपत होती. पलीकडच्या गल्लीतल्या विहिरींना आता झाकणं आहेत, त्यावर लाल खूण. शाळा दुसरीकडे हलवलीय. मुलांचं रक्त तपासलं. आत्तापर्यंतचे निकाल ठीक आहेत. पुढचे निकाल पुढे.

तुझी भीती निम्मी खरी ठरली. शेजारचे उठून गेले. दोन महिने दोन्हीकडून नुसती धमक्यांची भाषणं. गेल्या आठवड्यात परत येऊन बसलेत. या वेळी आधी इमारती दाखवायच्या, मग बोलायचं, असं ठरलंय म्हणतात.

फोरमनची भीती मात्र पुरती खरी ठरली. प्रकल्पाची दुसरी पाळी बंद झाली. तो बायकामुलांना घेऊन दुसऱ्या शहरात गेला. जाताना समोरून आला, मी थांबले, तो थांबला नाही. दवाखान्याच्या शटरवर कुणीतरी रंगाने एक शब्द लिहिला होता. करनिरीक्षकाने तो स्वतः खरवडला, मी नको म्हणत असताना. रोगी कमी झालेत. पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार नाही. राहिले तरी येणार नाही.

यंत्रं आणि पिंपं त्याच रस्त्याने गेली. जेवढा बुजवला होता तेवढा परत उखडला.

आता इमारत रिकामी आहे. म्हणजे खरोखरच गोदाम आहे. रिकाम्या गोदामाला निम्मा दर लागतो. ती पट्टी सरकारने मुदतीत भरली, उपसचिवाने स्वतः आणून दिली. इस्पितळासमोरचा तुकडा आणि खालचा पाइप त्यात झाला. पुढे पैसे नाहीत. लोकांची वाढवलेली पट्टी मी अजून खाली आणू शकलेले नाही.

चौकशी समितीने मला बोलावलं होतं. प्रश्न एकच होता, फिरवून फिरवून विचारला: तुमच्या भावाने तुम्हाला इमारतीबद्दल काही सांगितलं होतं का? मी म्हटलं, मी विचारलं होतं, त्याने सांगितलं नाही. स्वयंपाकघरातलंही सगळं सांगितलं. तुला ते आवडणार नाही. पण माझी पत्रं त्यांच्यासमोरच पडली होती, आणि नसती तरी सांगितलं असतं. समितीतला एक जण म्हणाला, "म्हणजे त्याने तुम्हाला वाचवायचा प्रयत्न केला." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आणि तुम्ही त्याची नोकरी घालवलीत." त्यालाही मी हो म्हटलं.

बाहेर आले तेव्हा लिफ्ट बंद होती. जिन्याने उतरले आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले. 

ताई


६ ऑक्टोबर

छोट्या,

परवा फोन ठेवल्यावर मला वाटलं, सगळं नीट ठरलंच नाही. म्हणून लिहिते.

तू हालहवाल काही विचारली नाहीस. एवढंच विचारलंस, "सही करताना माझा विचार आला होता का?"

मी म्हटलं, "आला होता. सबंध वेळ तोच होता."

"आणि तरी केलीस."

"केली."

 मग म्हणालास, "मलाही तो कागद पालथा घालताना तुझा विचार आला होता. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. आता येतो, अधूनमधून." मी म्हटलं, येऊ दे. मग तू विचारलंस, तिथे भाड्याने खोली मिळेल का. मी म्हटलं, खोली कशाला, घर आहे. तू म्हणालास, "नको ताई. तुझ्या घरात नको. निदान सध्या."

मला वाईट वाटलं, ते फोनवर कळू दिलं नाही. इथे लिहून टाकते.

खोली बघितली. टपाल कचेरीसमोर, घड्याळवाल्याच्या वर. जिना अरुंद आहे, फार सामान आणू नकोस. नळाला पाणी येतं, ते तपासलेलं आहे, मी स्वतः कागद बघितला. घरमालकीण बोलायला थोडी तिखट आहे. तू कोण ते तिला सांगितलं. तिचा मुलगा दुसऱ्या पाळीला होता. तिने किल्ली परत कमरेला खोचली. मग म्हणाली, भाडं आगाऊ लागेल, आणि किल्ली दिली.

गावात सगळे बरं बोलतील असं नाही. काही जण बोलणारच नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत, तेव्हा तू एकटाच आहेस असं वाटायला नको.

खिडक्या दोन आहेत. एक रस्त्यावर, दुसरी उत्तरेला. तिच्यातून ती इमारत पूर्ण दिसते. मी पडद्याचं माप घेतलंय, कापड घेतलेलं नाही. पडदा लावायचा की नाही, ते तू येऊन ठरव.

ताई